शिंपल्यांचं माहेर

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या पिंपरी पेंढारला माहीत आहे. साळुबाईच्या तोंडी कोण लागणार, असं म्हणून माणसं वाट बदलतात. त्यामुळे माझ्या सुनेनं, हर्षालीनं, शेततळ्यात मोती पिकवायचे म्हटलं तेव्हा मी तिला काय सुनावलं असेल, ते वेगळं सांगायला नको. "डाळिंब झालं, टोमॅटो झाला, आता मोती! उद्या तळ्यात जहाज सोड," म्हणाले.

ती हसली. माझ्या बोलण्यावर हसणारी घरात ती एकटीच. "आत्या, मोती म्हंजे शिंपलेच पाळायचे. नदीतले," ती म्हणाली. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

शिंपले म्हटल्यावर मात्र माझं तोंड मिटलं.

माझं माहेर घोड नदीच्या काठी, मंचरच्या अलीकडे. घराच्या मागे उतार, उताराखाली डोह. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला आलं की आम्ही पोरी परकर खोचून आत शिरायचो. शिंपला डोळ्यांनी शोधायचा नसतो, पायाच्या अंगठ्यानं शोधायचा असतो. मऊ गाळात अंगठा फिरवत सावकाश चालायचं, कडक धार लागली की बुडी मारायची आणि वर काढायचा. काढला की आधी बघायचा, मिटलाय की उघडलाय. आईनं एकच नियम घालून दिला होता. मिटलेला परत ठेवायचा, उघडा घरी आणायचा. मिटलेला म्हणजे जिवंत, तो नदीचा. उघडा म्हणजे मेलेला, त्याचं कवच आपलं.

त्या कवचांवर आमचं निम्मं घर चालायचं. पाठीवर दगडानं घासून भोक पाडलं की कैरी सोलायला झालं. दुधाचं पातेलं रिकामं झालं की तळाची करपट-गोड खरवड शिंपलीनंच काढायची, आणि त्यासाठी माझी नि हौशीरामदादाची रोज मारामारी. तान्ह्या बाळाला दूध पाजायची शिंपली वेगळी, घासून घासून काठ मऊ केलेली. ती देवळीत राहायची आणि तिला आम्ही हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. आतून तिचा रंग सायीसारखा. उजेडात जरा तिरपी धरली की त्यात गुलाबी, निळं काहीतरी हलायचं. तसला रंग मी पुढं कुठल्या पैठणीत पाहिला नाही.

तर मी मोतीशेतीला हो म्हणाले. वर म्हणाले, "शिंपले हवेत ना? मग बाहेरचे कशाला? माझ्या डोहातले आण."

हर्षाली कुठंसं शिकून आली होती. शिंपला चिमट्यानं जरासा उघडायचा, आत बारीक मणी ठेवायचा नि जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगायचा. मणी टोचतो म्हणून तो बिचारा त्याच्यावर थरावर थर चढवत बसतो. तोच मोती. मी म्हटलं, "म्हंजे सासुरवासच की गं." ती म्हणाली, "मग तुमचा मोती कुठाय, आत्या?" मी म्हटलं, "चाकणला कंपनीत कामाला जातोय, तुझ्याशी लग्न लावून दिलंय त्याचं." सुनील, माझा मुलगा, तिथंच चहा पीत होता. त्याला ठसका लागला.

डोहातून शिंपले आणायला आम्ही दोघी गेलो होतो. दादानं नि मी तसंच अंगठ्यानं शोधून काढले. या वयातही अंगठा विसरला नव्हता. काढून झाल्यावर मी काठावर बसून नदीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. म्हटलं, "तुझ्या लेकी नेते गं बाई. नीट नांदवीन." हर्षाली आधी फिदीफिदी हसली, मग तिनंही वाकून हात जोडले.

शेततळ्याच्या पाण्यावर दोर ताणले, दोरांना रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि खाली पिशव्या सोडल्या. मी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसायची. आमच्या माळावर नदी नाही. सगळं पाणी बोअरचं, नाहीतर पाइपातलं. पण हर्षालीनं पिशवी वर ओढली की त्या गाळाचा, शेवाळाचा, ओल्या कवचांचा वास यायचा आणि मी परकर खोचलेली पोर व्हायची. लग्न होऊन आल्यापासून मला सासरी इतकं सुख कधी वाटलं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता बोलते.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग हर्षालीला वाटलं, वाढवावं. डोहातून पुन्हा पुन्हा काढायचे नाहीत, असं तिचंच मत, ते बरोबरही होतं. म्हणून एका व्यापाऱ्याकडून तिनं बाहेरचे शिंपले आणले. मी नाक मुरडलं. पण मी कशाला नाक मुरडत नाही?

आधी ते बाहेरचे मरायला लागले. पिशवी वर काढावी तर आतले शिंपले आ वासून बसलेले, मांस सैल, वास असा की जेवण जाऊ नये. हर्षालीला वाटलं, प्रवासानं दमले असतील. मग आमचे मरायला लागले. रोज सकाळी ती मेलेले वेचायची, रोज जास्त निघायचे. बोलणं कमी झालं तिचं. मी टोमणा मारला तरी हसेना, तेव्हा मला खरी भीती वाटली.

पुण्याहून मत्स्य विभागातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा होत्या. त्यांनी नमुने घेतले, पाणी घेतलं नि सांगितलं, विषाणूचा रोग दिसतोय. पक्कं रिपोर्ट आल्यावरच. औषध याला नाही. एकच करा, या तळ्यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका. जाळी नाही, दोर नाही, बादलीभर पाणीसुद्धा नाही. आणि शिंपला तर मुळीच नाही.

"मिटलेला बी न्हाई?" मी विचारलं.

"मिटलेलाही नाही, आजी. वरून धडधाकट दिसतो, पण रोग आत असू शकतो."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कालची पोर, तिला काय माहीत. माझ्या आईचा नियम हिच्या जन्माच्या आधीचा.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. लेक सासरी आजारी पडली की काय करतात? माहेरी पाठवतात. माहेरचं पाणी लागलं की लेक सुधारते. त्या शिंपल्यांना मी ओटी भरून आणलं होतं, नीट नांदवीन म्हणून शब्द दिला होता. आणि इथं ते परक्यांच्या रोगानं माझ्या डोळ्यांदेखत संपत होते. मेले ते मेले, पण जे अजून मिटलेले आहेत, ते तरी त्यांच्या आईकडे, नदीकडे पोचवायला हवेत.

हर्षाली डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या बंद डब्यात पुन्हा नमुने घेऊन पुण्याला गेली, सुनील कामावर गेला, नात श्रेया शाळेत गेली. मी तळ्यावर गेले. पिशव्या ओढल्या, एकेक शिंपला हातात घेतला. उघडा डावीकडे, मिटलेला उजवीकडे. मिटलेले ओल्या पोत्यात भरले. मग सूरजला फोन लावला. सूरज माझा भाचा, हौशीरामदादाचा मुलगा; त्या दिवशी पिकअपमध्ये कांदा घालून आळेफाट्याच्या बाजारात आलेला. तोही मला आत्याच म्हणतो, सख्खी आत्या म्हणून. म्हटलं, "रिकामा झालास की मला घेऊन जा माहेरी."

"काय विशेष, आत्या?"

"माहेरी यायला विशेष लागतं का रं?"

नारायणगाव मागे पडलं, कळंब आलं. पोतं माझ्या पायाशी. मी त्याच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होते. रस्ता तोच, पण आता गाड्यांची नुसती मारामारी. सूरज शिट्टी वाजवत गाडी चालवत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, मिशी पांढरी व्हायला लागलेली. त्याच्याकडे बघितलं की मला एक जुनी गोष्ट आठवते, आणि आठवली की राग येतो. त्याचा काही दोष नाही, पण येतो.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या अंगावर कांजिण्या फुटल्या. तोंडात फोड, ताप असा की जमीन हलायची. सासरी सुगीची घाई, मला बघायला कुणाला सवड नव्हती. सासऱ्यांनी बैलगाडीत घातलं आणि माहेरी आणून सोडलं. मला वाटलं, आई धावत येईल. आई धावत आली, पण उंबऱ्यापर्यंतच. उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली नि म्हणाली, "तिथंच थांब. पुढं येऊ नको."

आत कुशावहिनी ओली बाळंतीण होती. बाळ म्हणजे हाच सूरज.

मला मळ्यातल्या कांदा साठवायच्या बराखीत ठेवलं. कांदा विकून बराख रिकामी होती, कुडाच्या फटींतून वारा यायचा. आई तिथं पेज घेऊन यायची. तोंड उघडत नव्हतं, म्हणून ती देवळीतली मऊ काठाची शिंपली आणायची नि तिनं पेज पाजायची, लहान बाळासारखी. कडुलिंबाचा पाला अंगावरून फिरवायची. सगळं करायची. पण उठली की सरळ डोहावर जायची, लुगड्यासकट बुडी मारायची आणि मग घराकडं जायची. मला फटीतून दिसायचं. माझ्या अंगाला हात लावला म्हणून ही रोज आंघोळ करते, आणि घरी जाऊन नातवाला मांडीवर घेते. मी बरी झाले, सासरी आले, पण ती बुडी मी विसरले नाही. आई गेली तेव्हा मी सगळ्यांत जास्त रडले, आणि रडतानाही ती बुडी मला दिसत होती. आजारी लेकीला माहेरच्या दारात अडवतात का, हे मला तिला विचारायचं होतं. राहून गेलं.

म्हणूनच मी पायाशी असलेल्या पोत्याला सांगत होते, बायांनो, तुम्हाला कुणी अडवणार नाही. मी आहे.

सूरजनं गाडी उताराच्या वर लावली. दादाला मी निघण्याआधी फोनवर नि सूरजला वाटेत, शिंपले डोहात परत सोडायचेत एवढंच सांगितलं होतं. तो आधीच डोहात उतरून गुडघाभर पाण्यात उभा होता. वाकलाय आता, पण उभा राहतो तसाच, कमरेवर हात ठेवून. "ये साळे, ये. पाय धू आधी," तो खालून ओरडला. माहेरी आले की मी आधी डोहात पाय धुते, मग घरी जाते. कधी चुकलं नाही.

मी वरूनच डोह बघितला. पाणी उतरलं होतं, स्वच्छ होतं, तळ दिसत होता. तळाच्या गाळावर बारीक बारीक रेघा होत्या. शिंपले सरकतात त्याच्या. लहानपणी आम्ही त्या रेघांवरून बोट फिरवत जायचो. काठाजवळच्या रेघा अगदी बारीक होत्या, नखाएवढ्या पिल्लांच्या.

"हे बघ की, औंदा पिलं लई हायेत," दादा म्हणाला.

मी उताराच्या वरच बसले, पोत्याचं तोंड सोडलं. आणि तो वास आला.

सकाळी मी स्वतः, माझ्या हातांनी, एकेक मिटलेला निवडून घातला होता. वरच्या थरातले दोन-तीन उघडले होते. मांस सैल पडलं होतं, तळ्यातल्या त्या मेलेल्यांसारखंच. बाकीचे मिटलेले. घट्ट, धडधाकट, डोहातल्यांसारखे. यांतला कुठला बरा आणि कुठला उद्या उघडणार, ते मला कळत नव्हतं. आईला तरी कळलं असतं का? तिच्या काळी मिटलेला शिंपला खोटं बोलत नव्हता.

"दे आत्या, तू कशाला वाकतेस. मी सोडतो," म्हणत सूरजनं पोत्याला हात घालायला पाऊल टाकलं.

"तिथंच थांब! पुढं येऊ नको!"

ओरडले ते मी. पण आवाज माझा नव्हता. सूरज जागीच थिजला, खाली दादाही हलला नाही. मी दोन्ही हात पसरून पोत्यापुढे उभी राहिले होते. कधी उठले, मला ठाऊक नाही.

मग दादा म्हणाला, "आई बोलल्यागत वाटलं."

मी पोत्याचं तोंड घट्ट आवळलं नि तिथंच बसले. दादाला सगळं सांगितलं. रोग काय, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, मी काय करायला निघाले होते. तो उतार चढायला लागला तेव्हा त्यालाही लांबच बसवलं, झाडाखाली. म्हटलं, "मला डोहात उतरायचं न्हाई दादा. माझ्या हाताला, पायाला, लुगड्याला ते पाणी लागलंय."

"साळे, पाय धुतल्याबिगर जाणार? आपल्या नदीवर येऊन?"

"आईनं मला दारात अडवलं व्हतं. ध्यानात हाये तुझ्या?"

"हाये की."

"मला हात लावला की डोहात बुडी मारायची, आन मग घरी जाऊन ह्याला मांडीवर घ्यायची."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "कोन घरात जायचं? आई? खुळी का तू? तू बराखीत व्हतीस तवर आई घरात गेलीच न्हाई. बुडी मारून यायची आन गोठ्यात निजायची. आमी भाकरी बाहेर नेऊन ठेवायचो तिला. सूरजला तिनं मांडीवर घेतला तो तू सासरी गेल्यावर, त्याच्या आधी लांबूनच बघायची. म्हणायची, माझी लेक बाहेर हाये, मी आत कशी जाऊ."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, रुसण्यातून सवड झाली असती तर ना. फटीतून मला डोह दिसायचा. गोठा नाही दिसायचा. आई, अगं एकदा तरी बोलायचंस. मी पदर तोंडात कोंबून रडले. सूरज बिचारा लांब उभा राहून बघत होता, जवळ यावं की नाही ते त्याला कळेना.

कुशावहिनी घरातून आली होती. मी तिलाही थांबवलं. तिनं लांबूनच भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. "औंदा आशीच पाठवणी," म्हणाली नि डोळे पुसले. मी उठले. डोहाकडे बघून हात जोडले. म्हटलं, तुझ्या लेकी परत नेते गं. रागावू नको.

"पुन्यांदा कवा येशील?" दादानं विचारलं.

"तळं आटवून, चुना मारून, उनात चांगलं तापू दे. मग येईन. आन तवा बी आधी इचार मला, बरी हाये का म्हणून. मगच आत घे."

सूरजला बजावलं, गाडी नदीवर धुवायची नाही. त्याला ती सवय आहे. आमच्याकडे चल, तिथं ब्लीचिंग पावडरनं धू, मग जा. एरवी तो उलटून बोलला असता. त्या दिवशी "बरं, आत्या" एवढंच म्हणाला, आणि शिट्टीही वाजवली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हर्षाली तळ्याच्या बांधावर उभी होती. पिशव्या रिकाम्या दिसल्या होत्या तिला. फोन मी घरीच ठेवून गेले होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्यावर कधी ओरडत नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"सोडले, आत्या?" तिनं विचारलं. "डोहात सोडले?"

"न्हाई. सगळे हायेत."

मी पोतं गाडीतून उतरवून तिच्यापुढे ठेवलं. ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. गेल्या एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती. "डोह गेला असता आत्या. तुमचा सगळा डोह गेला असता," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मोत्यांचं एक अक्षर नाही. माझ्या माहेरासाठी रडत होती ती.

शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणला, खाली चुना, वर चुना. मिटलेले, उघडे, सगळे एकत्र. डोहातून जिवंत आणताना आईचा नियम मी वाकवला होता, आता पुरता मोडला. माती ओढून झाल्यावर हर्षाली तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, घरात चल, तोंड धू, चार घास खा. ती म्हणाली, "तुम्ही जा, आत्या. मला आत्ता घरात जाववत नाही."

मी दोन पावलं गेले आणि परत फिरले. तिच्याशेजारी मातीत बसले. घरातून श्रेयानं हाक मारली, जेवायला या म्हणून.

तिला म्हटलं, "आमचं ताट बाहेरच आण गं."